वय झाले म्हणून उपचार सोडायचे का?

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कॅन्सर झाला असे कळले की आपल्या वस्त्यांमध्ये दोन प्रकारची माणसे भेटायला येतात. एक म्हणतात, आता वय झाले, कशाला त्या जिवाचे हाल करता, घरीच असू द्या. दुसरी म्हणतात, पैशाकडे बघू नका, कर्ज काढा, पण जे जे असेल ते सगळे करा, नाहीतर जन्मभर मनाला लागून राहील. दोन्ही बोलणी मायेपोटीच असतात. पण ज्याचा घसा आहे त्याला मात्र कोणीच काही विचारलेले नसते.

आम्ही भावंडे खोपोलीची. आमच्या बाबांना त्र्याहत्तराव्या वर्षी स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला. त्या वर्षभरात आम्ही जे पाहिले, डॉक्टरांना विचारून विचारून जे समजून घेतले, ते इतर घरांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहोत.

बाबांची तीस वर्षे खोपोलीतल्या एका पोलाद कारखान्यात रोलिंग मिलवर गेली. तीन पाळ्या, कानठळ्या बसवणारा आवाज आणि पाळी सुटली की बिडी. दारूला त्यांनी कधी हात लावला नाही. पाचवे शील दारूविषयी आहे, बिडीविषयी नाही, असा त्यांचा युक्तिवाद असे आणि विहारातली पोरे तो ऐकून हसत. वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. ते वाचन वीस-बावीस वर्षे बाबांकडे होते. खणखणीत आवाज. माईक बंद पडला तरी मागच्या रांगेतल्या आयाबायांना ऐकू जाई.

त्या वर्षी श्रावणात आवाज बसला. खोपोलीचा पाऊस, दमट हवा, सगळ्यांचेच घसे बसलेले. कोणाला विशेष वाटले नाही. एका दवाखान्यातून दोनदा गोळ्या आणल्या. ज्येष्ठमध झाला, हळद-दूध झाले. मग उजवा कान दुखू लागला म्हणून तिथेच कानात घालायला थेंब दिले. घशातल्या दुखण्याची कळ कानात उठते, ही गोष्ट आम्हाला पुढे कळली. धाकट्या बहिणीने हट्ट धरला आणि दिवाळीच्या आत बाबांना पनवेलला कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडे नेले. त्यांनी दुर्बिणीने पाहिले आणि लगेच टाटाची चिठ्ठी लिहून दिली. वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे: आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिला, आणि त्यात माणूस बिडी-तंबाखूवाला असला, तर गोळ्या बदलत बसू नये, घसा दुर्बिणीने पाहून घ्यावा. ही तपासणी पाच-दहा मिनिटांची असते.

चिठ्ठी हातात पडली आणि सल्ले सुरू झाले. ‘तुकडा काढू देऊ नका, लोखंड लागले की कॅन्सर पसरतो’ हे वाक्य तर किमान दहा जणांनी ऐकवले. घाटावरच्या एका वैद्याचा पत्ता आला, कोणा बाबाची विभूती आली. आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर टांगलेल्या आहेत, तेव्हा विभूती दारातूनच परत गेली. पण तुकड्याची भीती खरी होती आणि आईच्या डोळ्यांत ती दिसत होती. गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय तो कॅन्सर आहे की दुसरे काही, आणि असल्यास कोणत्या जातीचा, हे कळत नाही. आणि ते कळल्याशिवाय कोणताही जबाबदार डॉक्टर किरणांचे यंत्र सुरू करीत नाही. घशाच्या गाठीचा तुकडा काढल्यामुळे रोग पसरत नाही. लोक आधीच शेवटच्या पायरीवर तपासायला जातात, तुकडा काढतात आणि पुढे दोन-चार महिन्यांत माणूस जातो, म्हणून दोष तुकड्यावर येतो.

परळचे टाटा रुग्णालय खोपोलीकरांना परके नाही. घाटाखालचे टाटांचे वीजघर १९१५ सालापासून मुंबईला वीज देत आले. त्याच घराण्यातले सर दोराबजी यांची पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, पुढल्या वर्षी दोराबजीही गेले, आणि त्यांच्या नावाच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय उघडले. १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. पहाटेची गाडी धरायची. लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी करीत कर्जत, आणि पुढे परळ. लोकलमधल्या अपंगांच्या डब्यातून कॅन्सरच्या रुग्णाला कागद दाखवून जाता येते, हे पुष्कळांना माहीत नसते. गर्दीच्या वेळी म्हाताऱ्या माणसासाठी ही मोठी सोय आहे.

रुग्णालयाच्या समोरच्या पदपथावर बिहार, बंगाल, विदर्भातली कुटुंबे अंथरुणे घालून असतात. ती पाहिली की आपण दीडशे किलोमीटरच्या आत राहतो हेच भाग्य वाटते. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांची माणसे राहतात. याच गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली होती. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि पंधरवड्यातच, २० डिसेंबर १९५६ रोजी, गाडगेबाबाही गेले. रांगेत उभे असताना बाबांनीच ही आठवण काढली.

तपासण्यांना तीन आठवडे लागले. निदान असे: स्वरयंत्राचा कॅन्सर, तिसरी पायरी, एक स्वरतंतू हलत नाही, छातीत वा दुसरीकडे पसरलेला नाही. डॉक्टरांनी रस्ते सांगितले. पहिला, शस्त्रक्रिया करून पूर्ण स्वरयंत्र काढून टाकायचे. मग श्वास गळ्याला पाडलेल्या छिद्रातून घ्यायचा आणि मूळचा आवाज कायमचा जाणार. दुसरा, सात आठवडे किरणे आणि त्याच्या जोडीला केमोथेरपी. तिसरा, केवळ किरणे.

किरणे आणि औषध एकत्र का द्यायचे, हे आम्ही तीन वेळा विचारले आणि तिसऱ्या वेळी समजले. किरणे कॅन्सरच्या पेशीच्या गाभ्याला तडे पाडतात. पेशी ते तडे रात्रीतून बुजवायला बघते. त्या वेळी अंगात औषध असले तर तिला ते नीट बुजवता येत नाहीत. म्हणजे केमो इथे मुख्य मारेकरी नाही, किरणांचा मदतनीस आहे. आणि किरणे एकदम न देता रोज थोडी थोडी द्यायची ती यासाठी की आजूबाजूच्या चांगल्या पेशींना दुरुस्त व्हायला वेळ मिळावा. साधारण सत्तर ग्रे एवढी मात्रा पस्तीस भागांत, सोमवार ते शुक्रवार, अशी सात आठवड्यांत देतात.

स्वरयंत्र वाचवण्याच्या दृष्टीने या जोडीचा फायदा मोठा आहे. अमेरिकेत झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत किरणे व केमो एकत्र दिलेल्यांपैकी शंभरात अठ्ठ्याऐंशी जणांचे स्वरयंत्र दोन वर्षांनंतर शाबूत होते. केवळ किरणे दिलेल्यांत ते प्रमाण सत्तर होते. हे ऐकून आमचा थोरला भाऊ लगेच म्हणाला, ‘मग हेच करू.’

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘थांबा, वयाचा भाग अजून सांगितलेला नाही.’

तो भाग असा. डोके आणि मानेच्या कॅन्सरवरच्या त्र्याण्णव चाचण्या, सतरा हजारांहून अधिक रुग्ण, या सगळ्यांचा हिशेब २००९ मध्ये मांडला गेला. किरणांबरोबर केमो दिल्याने पाच वर्षांनी शंभरात सहा-सात माणसे जास्त जगलेली दिसली. पण जसे वय वाढते तसा हा फायदा आटत जातो आणि सत्तरीच्या पुढे तो जवळपास दिसतच नाही. एक तर अशा चाचण्यांत सत्तरीपुढची माणसे मुळातच थोडी घेतलेली. दुसरे, त्या वयात माणसे हृदयविकाराने, फुप्फुसाच्या आजाराने, दुसऱ्या कारणांनीही जातात, तेव्हा कॅन्सर आवरल्याचा लाभ आकड्यात उतरत नाही. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेतल्या सत्तरीपुढच्या चार हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकत्र उपचार घेतलेले जास्त जगलेले दिसले. पण त्या नोंदींत ज्यांची प्रकृती बरी त्यांनाच डॉक्टरांनी केमो दिली असणार, हेही उघड आहे. म्हणजे वयाच्या आकड्यावरून ‘द्या’ही म्हणता येत नाही आणि ‘देऊ नका’ही म्हणता येत नाही. सत्तरीची दोन माणसे सारखी नसतात. एक खोपोलीच्या बाजारातून भाजीची पिशवी घेऊन चढ चढून येतो, दुसऱ्याला मोरीपर्यंत धरून न्यावे लागते.

म्हणून ताकद मोजतात. टाटामध्ये २०१८ पासून ज्येष्ठ रुग्णांसाठी अशी वेगळी तपासणी सुरू झाली आहे. खुर्चीतून उठून, चालून, परत येऊन बसायला किती वेळ लागतो. सहा महिन्यांत वजन किती उतरले. स्मरणशक्ती कशी आहे, मन उदास आहे का, रोज कोणत्या गोळ्या चालू आहेत, घरी कोण कोण आहे, जेवण कोण देणार, सोबत कोण येणार. सोबत कोण येणार हा प्रश्न आम्हाला आधी वैद्यकातला वाटलाच नाही. सात आठवडे काढल्यावर कळले की तोच सर्वांत वैद्यकीय प्रश्न होता.

बाबांचे चालणे चांगले निघाले, स्मरणशक्ती आमच्यापेक्षा बरी. दोन ठिकाणी मात्र अडले. मूत्रपिंड थोडे मंदावलेले होते. आणि कान. या कॅन्सरमध्ये किरणांबरोबर जे औषध नेहमी देतात त्याचे नाव सिस्प्लॅटिन. ते मूत्रपिंडावर आणि कानावर ताण टाकते. ऐकू येणे कमी झाले तर ते परत येत नाही. कानाची तपासणी केली तेव्हा तपासणाऱ्या मुलीने विचारले, ‘आजोबा, कारखान्यात होता का?’ रोलिंग मिलच्या तीस वर्षांनी बाबांचे वरच्या पट्टीचे ऐकणे केव्हाच खाल्ले होते. कारखान्याने कान घेतले होते आणि आता ते कान औषधाच्या आड येत होते. आपल्या समाजातली किती माणसे गिरणीत, पोलादात, दगडखाणीत राबली; त्यांच्यापैकी कितींचे कान असे आधीच गेलेले असतील याचा विचार त्या दिवशी मनातून जाईना.

सिस्प्लॅटिन चालणार नाही अशा माणसांचे काय करायचे, हा प्रश्न जगभर होता. त्याचे एक चांगले उत्तर आपल्या परळच्याच डॉक्टरांनी शोधले. सिस्प्लॅटिन न झेपणाऱ्या तीनशे छप्पन्न रुग्णांवर त्यांनी चाचणी केली. निम्म्यांना केवळ किरणे, निम्म्यांना किरणे आणि आठवड्याला एकदा डोसिटॅक्सेल नावाच्या औषधाची लहान मात्रा. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी केवळ किरणे घेतलेल्यांत शंभरात बेचाळीसच्या आसपास हयात होते, औषधाची जोड मिळालेल्यांत एक्कावन्नच्या आसपास. नऊ माणसे जास्त. मात्र किंमतही होती. तोंड-घसा सोलून निघण्याचा तीव्र त्रास केवळ किरणांत शंभरात बावीस जणांना झाला, औषधासह जवळजवळ पन्नास जणांना. दोन्ही आकडे डॉक्टरीणबाईंनी आमच्यासमोर ठेवले. एक सांगून दुसरा लपवला नाही, याचे आम्हाला समाधान वाटले.

आता बाबांना सांगायचे की नाही? पुष्कळ घरांत ‘घशाला गाठ आहे, शेक द्यायचा आहे’ एवढेच सांगतात. काकांचे मत तेच होते. आईने मात्र विहारात ऐकलेली एक गोष्ट काढली. अतिसाराने आजारी पडून आपल्याच घाणीत लोळत असलेल्या एका भिक्षूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हाताने न्हाऊ घातले आणि संघाला बजावले की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. ही कथा आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. पण विनयपिटकात त्याच कथेला लागून पुढे आणखी काही आहे, ते फारसे कोणी सांगत नाही: कोणत्या आजाऱ्याची सेवा करणे सोपे आणि कोणत्याची अवघड. जो पथ्य पाळतो, औषध घेतो, आणि दुखणे वाढले तर वाढले, उतरले तर उतरले असे खरे सांगतो, त्याची सेवा सोपी. सेवा करणाऱ्यालाही पथ्य-कुपथ्य कळले पाहिजे, त्याला ओकारी-थुंकीची किळस वाटता कामा नये, आणि त्याने लाभासाठी सेवा करू नये. अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेले हे बोल कॅन्सरच्या वॉर्डात जसेच्या तसे लागू पडतात. आणि ज्याला आजारच खरा सांगितला नाही, तो आपले दुखणे खरे कसे सांगणार?

बाबांना सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग घोगऱ्या आवाजात तीनच प्रश्न विचारले. किती खर्च? किती दिवस दुसऱ्याच्या हातून खावे लागेल? आणि आवाज राहील का? शस्त्रक्रिया नको म्हणाले. औषध आणि किरणे घेईन, पण मध्येच नको वाटले तर मी थांबा म्हणेन आणि तुम्ही थांबायचे, अशी अट घातली. आम्ही ती मान्य केली. डॉक्टरीणबाईंनीही केली, फक्त एक गोष्ट जोडली: किरणे मध्येच चार-आठ दिवस थांबवली तर उरलेल्या पेशी जोमाने वाढतात आणि आधीचे कष्ट वाया जातात, तेव्हा थांबायचे तर विचार करून, कंटाळा आला म्हणून नाही. बिडी त्याच दिवशी बंद करायची, कारण धूर चालू राहिला तर किरणांचा परिणाम कमी होतो. बिडीचे बंडल बाबांनी परळ स्टेशनवर टाकले.

खर्चाचे सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ घरे तिथेच मागे फिरतात. राज्य सरकारची योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत आपला रायगड होता. तेव्हा तिचे नाव राजीव गांधी जीवनदायी. २०१७ पासून ती महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना आहे. आता तिच्यात आणि केंद्राच्या आयुष्मान योजनेत मिळून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार बसतात. शिवाय २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचे वेगळे कार्ड मिळते. रेशनकार्ड आणि आधारकार्डावरचे नाव व जन्मतारीख जुळते का ते आधी पाहावे. आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या जन्मतारखा शाळेत मास्तरांनी अंदाजाने घातलेल्या असतात, आणि बायकांच्या तर तेवढ्याही नसतात. रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसलेला असतो, त्याला भेटावे. वैद्यकीय समाजसेवकांचा वेगळा विभाग असतो, तिथे लाजू नये. योजनेत न बसणारा जो खर्च, म्हणजे गाडीभाडे, अंडी, दूध, सोबत येणाऱ्याची बुडालेली हजेरी, तोच खरा जड जातो. आमच्याकडे दोघांचे पगार कापले गेले. एसटीचा मात्र आधार झाला. पासष्टच्या पुढे अर्धे तिकीट आणि पंचाहत्तरीनंतर प्रवास फुकट.

किरणे टाटाच्याच खारघरच्या केंद्रात घ्यायची ठरली. आधी दातांच्या डॉक्टरांनी दोन किडलेल्या दाढा काढल्या. किरणांनंतर दाढ काढली तर जबड्याचे हाड भरून येत नाही, म्हणून ते काम आधी उरकतात. मग चेहरा-मानेवर गरम केलेली जाळी बसवून साचा केला. रोज तोच साचा लावून टेबलाला पक्के करतात, म्हणजे नेम चुकत नाही. दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि त्या वेळी काहीच दुखत नाही. अंगात किरणे उरत नाहीत. नातवंडांना मांडीवर घेतले तरी चालते. वस्तीतल्या दोन घरांनी पोरांना आमच्याकडे पाठवणे बंद केले होते, म्हणून मुद्दाम लिहितो.

पहिले दोन आठवडे बाबा स्वतः एसटीत चढत. आपण उगाच घाबरलो, असे आम्हाला वाटू लागले. तिसऱ्या आठवड्यात चव गेली. वरण मातीसारखे लागते म्हणाले. लाळ दोरीसारखी चिकट झाली. चौथ्यात मानेची कातडी काळी पडली. तिच्यावर साबण, बाम, तेल काही लावायचे नाही, वस्तऱ्याने दाढी करायची नाही, मऊ सुती उपरणे घ्यायचे. मीठ आणि खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने दिवसातून सात-आठ वेळा गुळण्या. पाचव्या आठवड्यात पाण्याचा घोट गिळताना डोळ्यांतून पाणी येऊ लागले. वजन अठ्ठावन्नवरून बावन्नवर आले. तेव्हा डॉक्टरांनी नाकातून पोटात नळी घालायला सांगितली. बाबा अडून बसले. नळी लावलेला माणूस म्हणजे संपला, असे आपल्याकडे समजतात. तिथल्याच एका रुग्णाने, नळी नाकात तशीच ठेवून, त्यांना समजावले; आमच्या समजावण्याने काही झाले नव्हते. नळीतून नाचणीची पातळ आंबील, दूध, गाळलेले वरण, अंडे घुसळून, दर दोन-अडीच तासांनी. आईने वेळा भिंतीवर कोळशाने लिहून ठेवल्या होत्या.

याच काळात ‘खरे सांगणे’ कसोटीला लागले. म्हातारी माणसे पोरांना त्रास नको म्हणून दुखणे दाबतात. बाबांना ताप आला होता आणि त्यांनी तो रात्रभर सांगितला नाही. केमो चालू असताना ताप म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्याची खूण असू शकते. सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा असतो. पेशी उतरल्याच होत्या. त्या आठवड्याचे औषध डॉक्टरांनी वगळले, किरणे चालू ठेवली. सातपैकी पाच औषधे झाली आणि पस्तीस किरणे पूर्ण झाली. शेवटचे तीन आठवडे आम्ही कामोठ्याला बहिणीच्या खोलीवर राहिलो, रोजचा रस्ता झेपेना म्हणून.

सगळ्यांनी हाच मार्ग घ्यावा असे आमचे म्हणणे नाही. खालापूरकडच्या एका आजींना त्याच सुमारास घशाचा कॅन्सर निघाला. अंगात काही नाही, हृदय दुबळे, अंथरुणातून उठवत नाही, रोगही पुढे गेलेला. त्यांना डॉक्टरांनी मोजकी किरणे दिली, वेदनेसाठी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या आणि घरी सोडले. घरच्यांना वाटले की गरीब म्हणून टाळले. तसे नव्हते. जिथे रोग बरा होणार नाही तिथे दुखणे कमी करणे हाही उपचारच आहे. अशा रुग्णांसाठी परळच्या डॉक्टरांनी स्वस्त गोळ्यांची चाचणी केली होती. घरी घ्यायच्या त्या गोळ्यांनी सलाईनमधून देण्याच्या सिस्प्लॅटिनपेक्षा आयुष्य थोडे जास्तच मिळाले, सरासरी साडेसात महिने विरुद्ध सहा. हे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. आजी चार महिने घरात, आपल्या माणसांत राहिल्या. त्यांनाही विचारले होते आणि त्यांनी घरच म्हटले होते.

किरणे संपली की त्रास संपतो असे नाही. पुढचे दोन आठवडे तो उलट वाढतो. नळी दीड महिन्याने निघाली. तीन महिन्यांनी दुर्बीण आणि स्कॅन झाले, गाठ दिसली नाही. आवाज आला, पण पूर्वीचा नाही. जाड, थांबत थांबत येणारा. तोंड कोरडे पडते म्हणून पाण्याची बाटली कायम हातात. भाकरी आता चुरून वरणात भिजवूनच खावी लागते आणि सुकटीचे कालवण तिखट म्हणून बंद आहे, याचे बाबांना आवाजापेक्षा जास्त दुःख आहे. गिळण्याचे व्यायाम दिलेले आहेत, ते मागे लागल्याशिवाय करीत नाहीत. मानेला किरणे लागली की गळ्यातली थायरॉईड ग्रंथी पुढे मंदावू शकते, म्हणून दर सहा महिन्यांनी तिचे रक्त तपासतात. बाबांना आता सकाळी त्याची एक गोळी असते. हा रोग उलटला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. त्यातले एक वर्ष आणि दोन महिने झाले आहेत.

पुढची तपासणी माघ पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आहे. फाईल, कार्डांच्या झेरॉक्स, पाण्याची बाटली आणि मऊ भाताचा डबा एवढे घेऊन पहाटेच्या गाडीने निघायचे आहे. या वेळी सोबत थोरला भाऊ जाणार आहे. त्याने रजेचा अर्ज आठवड्यापूर्वीच टाकला आहे.